जूनपासून सीडीयू आणि क्राह एकमेकांच्या मागे पळतायत, नक्की कुठला लूप पकडू?

नाइटशिफ्ट_ऐरोली

मंडळी, प्रश्न लांब आहे. घाईत असाल तर थेट शेवटचा परिच्छेद वाचा.

नवी मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये मी शिफ्ट इंजिनीअर आहे. आमचा एक जुना हॉल सगळा हवेवर गार होणारा: भिंतीलगत चिल्ड वॉटरचे क्राह (चिलरच्या पाण्याने हॉलची हवा गार करणारी युनिटं), खाली पोकळ रेझ्ड फ्लोअर, कोल्ड आयलला (रॅकसमोरच्या गार हवेच्या गल्लीला) कंटेनमेंट. चिलरचं पाणी १२ अंशांवर येतं. यंदा या हॉलमध्ये एका क्लायंटचे चार जीपीयू रॅक आले, पूर्ण लोडला प्रत्येकी ७० किलोवॅटच्या आसपास. चिपवर कोल्ड प्लेट, रांगेच्या टोकाला एक सीडीयू (एका बाजूने चिलरचं पाणी, म्हणजे प्रायमरी, आणि दुसऱ्या बाजूने रॅकमध्ये फिरणारा कूलंट, म्हणजे सेकंडरी), सेकंडरीत पीजी २५ (पाण्यात २५ टक्के ग्लायकॉल). साधारण तीन-चतुर्थांश उष्णता द्रवात जाते. मेमरी, नेटवर्क कार्ड, पॉवर सप्लाय यांची हवेतच राहते. म्हणजे सर्व्हरचे पंखेही चालू आणि क्राहही चालू.

मार्चमध्ये कमिशनिंग झालं तेव्हा लोड बँक (खोटा लोड देणारे हीटर) लावून सगळं तपासलं होतं. सप्लाय टेम्परेचरची रेघ पट्टीने आखल्यासारखी होती. एप्रिल, मे निवांत गेले. जूनमध्ये सुरू झालं ते अजून थांबायला तयार नाही.

होतं असं: सीडीयूचं सेकंडरी सप्लाय १८ पर्यंत खाली येतं, मग २५ पर्यंत चढतं, परत खाली. त्यामागोमाग सर्व्हरचे पंखे ४० टक्क्यांवरून ७५ वर जातात आणि उतरतात. पंखे चढले की कोल्ड आयलचं प्रेशर पडतं, क्राहचे पंखे वर जातात, त्यांचे वॉल्व्ह उघडतात. हे सगळं शांत होतंय म्हणेपर्यंत सीडीयूचा वॉल्व्ह परत दुसरीकडे निघालेला असतो. हॉलमध्ये उभं राहिलं तर कानाला कळतं, आवाज सारखा चढतो-उतरतो.

मध्यंतरी एका रात्री गळती ओळखणाऱ्या लीक रोपचा अलार्म आला. धावत गेले तर मॅनिफोल्डच्या (रॅकमध्ये कूलंट वाटणाऱ्या पाइपच्या) क्विक डिस्कनेक्टखाली थेंब. आमच्या कूलंटला हिरवा रंग आहे, हे थेंब स्वच्छ होते. बोटावर घेतले तर चिकटपणा नाही. रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवून पाहिलं, ग्लायकॉल शून्य. म्हणजे गळती नव्हे, चक्क घाम. पुसलं, फोटो काढले, अलार्म रीसेट केला आणि सकाळपर्यंत दर अर्ध्या तासाला टॉर्च घेऊन फेऱ्या मारल्या.

सीडीयूवाले म्हणतात तुमच्या चिल्ड वॉटरचं प्रेशर हलतंय. बीएमएसवाले (इमारतीची कंट्रोल सिस्टिम बघणारे) म्हणतात सीडीयूचं पीआयडी (वॉल्व्ह किती उघडायचा ते ठरवणारा कंट्रोलर) बिघडलंय. क्लायंट म्हणतो पाणी अजून गार द्या. सीडीयूच्या माणसाने येऊन गेन (कंट्रोलरच्या प्रतिसादाचा जोर) निम्मा केला, त्याने लाट बुटकी झाली पण रुंद झाली. आणि आमचे मॅनेजर एआय ऑप्टिमायझेशनचं कोटेशन मागवून बसलेत.

प्रश्न: अशा मिश्र हॉलमध्ये लिक्विड आणि एअर दोन्ही एका मास्टर कंट्रोलरखाली आणायचे की वेगळेच ठेवायचे? आणि दोषी लूप (मोजमाप बघून वॉल्व्ह किंवा पंखा हलवणारं नियंत्रण) शोधायचा कसा?

खटपट्या

तीन गोष्टी सांगा ताई. सेकंडरीचा सेटपॉइंट किती? ड्यू पॉइंट ट्रॅकिंग, म्हणजे दवबिंदूप्रमाणे (ज्या तापमानाखाली हवेतलं पाणी थेंब धरतं) सेटपॉइंट हलवणं, चालू आहे का? आणि ट्रेंडची नोंद दर किती सेकंदांनी घेताय?

जूनपासून म्हणालात तिथेच माझे कान टवकारले. पीआयडीला पाऊस कळत नाही, पण दवबिंदूला कळतो.

नाइटशिफ्ट_ऐरोली

सेटपॉइंट २०, क्लायंटच्या आग्रहाने. ट्रॅकिंग चालू आहे: हॉलचा दवबिंदू अधिक ३ किंवा २०, यातलं जे जास्त असेल ते. ट्रेंड बीएमएसवरून, दर पाच मिनिटांनी. कोल्ड आयलला २४ अंशांवर आर्द्रता ६५ ते ७२ टक्के हलते.

बगॅस_बॉयलर

ताई, तुमच्या उत्तरातच निम्मं निदान आहे. जरा सविस्तर लिहितो. आमच्या धंद्यात लोक पीआयडीचे आकडे फिरवायला उठतात, पण कोण कोणाला हलवतं याचे बाण आधी कागदावर काढायला कोणी बसत नाही.

माझी नोकरीची पहिली बरीच वर्षं कोल्हापूर भागात साखर कारखान्याच्या को-जनरेशनमध्ये गेली, इन्स्ट्रुमेंटेशनला. आता पुण्याकडे डेटा सेंटरची कामं करतो. इथे आल्यावर लोक सांगायचे की हे फार नाजूक, फार वेगळं प्रकरण आहे. मला तरी वेगळं काही दिसलं नाही. लोड अचानक हलतो, वॉल्व्ह सावकाश हलतो आणि मधे माणसं घाबरतात.

आधी तुमचे बाण काढू. २४ अंशांवर ६५ टक्के म्हणजे दवबिंदू १७ च्या आसपास. ७२ टक्के म्हणजे साडेअठरा. त्यात ३ मिळवा: तुमचा सेटपॉइंट २० ते साडेएकवीस असा हिंडतोय. तुम्हाला वाटतं तो २० वर ठोकलेला आहे, पण जूनपासून तो तुमच्या हातात नाहीच. मार्चमध्ये दवबिंदू १७ च्या खाली होता, त्यामुळे ट्रॅकिंग झोपलेलं होतं आणि कमिशनिंगला ते कोणाला दिसलं नाही.

आता हा दवबिंदू कोण हलवतं? तुमचे क्राह. त्यांच्या कॉइलमध्ये १२ अंशांचं पाणी आहे. वॉल्व्ह उघडला की कॉइल दवबिंदूच्या खाली जाते, हवेतलं पाणी ओढून घेते, हॉल कोरडा होतो. वॉल्व्ह मिटला की कॉइल कोमट, आणि बाहेरून येणारी दमट हवा दवबिंदू परत वर चढवते. क्राहचा वॉल्व्ह कोण हलवतं? हवेतला लोड आणि सर्व्हरचे पंखे. पंखे कोण हलवतं? चिपचं तापमान. चिपचं तापमान कोण हलवतं? सीडीयूचं पाणी. आणि सीडीयूचा सेटपॉइंट कोण हलवतं? दवबिंदू. वर्तुळ पुरं झालं. तुम्ही दोन वेगळी यंत्रं बसवलीत आणि पावसाने ती एका दोरीला बांधली. गेन निम्मा करून लाट रुंद झाली, कारण दोष त्या एका लूपमध्ये नाही.

यात आणखी एक गोम असण्याची शक्यता आहे. बरेच सर्व्हर हवेच्या मॉडेलवरून लिक्विडला बदललेले असतात आणि फर्मवेअरमध्ये पंख्याचा जुनाच आलेख राहतो. चिप चार अंश वर गेली की पंखे बोंबलत सुटतात, खरं तर चिपवर त्या हवेचा आता काडीचा परिणाम नसतो. लिक्विडच्या सर्व्हरवर पंख्यांनी मेमरी, नेटवर्क कार्ड आणि इनलेटचं तापमान बघायचं, चिपचं नाही. हा प्रोफाइल बदलायला सर्व्हरवाल्याला लिहा, एवढ्यानेही एक बाण तुटतो. पंख्याची पॉवर वेगाच्या घनात जाते. ८० टक्के वेगाला पॉवर निम्मी लागते, म्हणजे ७५ वर उगाच पळणारा पंखा ४० वर आणण्यात पैसा किती आहे ते तुमच्या मॅनेजरांना आवडेल.

दोषी शोधायची रीत जुनीच आहे: एका वेळी एकच लूप मॅन्युअलला टाका. ऑटोमधून काढल्यावर लाट थांबली तर तो लूप वर्तुळात आहे. थांबली नाही तर तो फक्त लाटेवर तरंगतोय. तुमच्याकडे मी क्रम असा धरेन. ट्रॅकिंग तात्पुरतं बंद, सेटपॉइंट २४ ला पक्का. २४ का, तर साडेअठराच्या दवबिंदूपासून तो सुरक्षित लांब आहे. चिपला चार अंशांनी काही होत नाही. मोठी लाट मेली तर समजायचं की दोरी हीच. नाही मेली तर एक-एक क्राहचा वॉल्व्ह मॅन्युअलला. हे रात्री करू नका, लोड शांत असताना आणि क्लायंटला सांगून करा.

आणि तो पाच मिनिटांचा ट्रेंड फेकून द्या. वॉल्व्ह दीड मिनिटाला एक चक्कर मारत असेल तर पाच मिनिटांच्या नमुन्यात ती चक्कर दिसणारच नाही, किंवा भलत्याच कालावधीची दिसेल आणि तुम्ही वीस मिनिटांच्या भुतामागे धावाल. सीडीयूला लॅपटॉप लावून मॉडबसवरून (उपकरणाचे आकडे थेट वाचायची पद्धत) दर दोन सेकंदांनी चारच गोष्टी घ्या: सप्लाय, सेटपॉइंट, वॉल्व्हची जागा, प्रायमरी फ्लो. वॉल्व्हची जागा म्हणजे फीडबॅक (तो खरंच कुठे आहे) हं, कमांड (त्याला कुठे जायला सांगितलंय) नव्हे.

आर्द्रतेचे टक्के बघत बसू नका, दवबिंदूच बघा. कोल्ड आयलला २४ अंशांवर ६० टक्के आणि हॉट आयलला ३६ अंशांवर ३० टक्के, दोन्हीकडे दवबिंदू जवळपास १६ च. टक्के बघून माणूस दोन वेगळ्या हवा समजतो आणि ह्युमिडिफायर चालू करतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुमच्या हॉलचा दवबिंदू तसाही जास्तच आहे, आश्रेची (वातानुकूलन इंजिनीअरांच्या संस्थेची) शिफारस कमाल १५ ची आहे. फ्रेश एअर युनिट तपासा.

आता मास्टर कंट्रोलरचा प्रश्न. माझं मत: नको. प्रत्येक लूपला एकच काम आणि स्वतःचं मोजमाप. सेकंडरीचे पंप डिफरन्शियल प्रेशर धरतील, तापमानाकडे बघणार नाहीत. प्रायमरीचा वॉल्व्ह सप्लाय तापमान धरेल. क्राहचे पंखे आयलचं प्रेशर धरतील, क्राहचा वॉल्व्ह सप्लाय हवेचं तापमान. रिटर्न हवेवर क्राह चालवत असाल तर आजच बंद करा, ती हवा सगळ्यांची उष्टी असते आणि उशिरा येते. वरून जे काही "मास्टर" हवं असेल त्याने फक्त सेटपॉइंट सावकाश हलवावेत, वॉल्व्हला हात लावू नये.

पण एका ठिकाणी पुढची बातमी आधी द्यावीच लागते, आणि तिथे मला बॉयलर आठवतो. बॉयलरच्या ड्रममधल्या पाण्याची लेव्हल एकट्या लेव्हलवरून सांभाळायला गेलं तर घात होतो. टर्बाइनने अचानक वाफ ओढली की ड्रमचं प्रेशर पडतं, पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि लेव्हल वर गेल्यासारखी दिसते. कंट्रोलर भोळेपणाने फीड वॉटर कमी करतो, नेमकं जेव्हा जास्त लागणार असतं तेव्हा. म्हणून थ्री एलिमेंट: लेव्हल, वाफेचा फ्लो, फीड वॉटरचा फ्लो. वाफ किती निघाली ते बघून तेवढं पाणी आधीच वाढवायचं, फीड वॉटरचा लूप आतून फ्लो सांभाळतो आणि लेव्हल फक्त उरलीसुरली चूक दुरुस्त करते.

तुमच्याकडे वाफेच्या जागी रॅकची वीज आहे. ट्रेनिंगचा जॉब सुरू झाला की रॅक काही सेकंदांत २० वरून ७० किलोवॅटवर जातो, चेकपॉइंटला परत खाली येतो. ॲक्च्युएटरला (वॉल्व्ह फिरवणाऱ्या मोटरला) पूर्ण उघडायला दीड मिनिट लागत असेल तर तापमान चढल्यावर धावून उपयोग नाही. रॅकला वीज वाटणाऱ्या पीडीयूची किलोवॅट बीएमएसकडे आहेतच, ती सीडीयूला फीड फॉरवर्ड (आगाऊ बातमी) म्हणून द्या. गणित साधं आहे: मिनिटाला एक लिटर पाणी, एक अंश वाढ, ७० वॅट. म्हणजे १० अंश फरकावर किलोवॅटला सुमारे दीड लिटर. तुमचे चार रॅक मिळून द्रवात २१० ते २२० किलोवॅट, म्हणजे सेकंडरीत मिनिटाला सव्वातीनशे लिटरच्या आसपास. (तोच एक किलोवॅट हवेने १२ अंश फरकावर न्यायला तासाला अडीचशे घनमीटर हवा लागते. पाण्याशी भांडून हवा कधी जिंकणार नाही.) आतला फ्लोचा लूप बाहेरच्या तापमानाच्या लूपपेक्षा चार-पाच पट चपळ हवा आणि इंटिग्रलला अँटी विंडअप हवंच. नाहीतर वॉल्व्ह पोचायच्या आत आउटपुट शंभरावर जाऊन बसतं आणि मग उतरायला वेळ घेतं.

शेवटचं. बीएमएस मेला, नेटवर्क गेलं, तरी सीडीयूने स्वतःच्या डोक्याने चालायला हवं, सिग्नल गेला की वॉल्व्ह पूर्ण उघडा. पंप यूपीएसवर आहेत ना? कोल्ड प्लेटमध्ये पाणी ते केवढं, पंप थांबला की चिप काही सेकंदांत थ्रॉटल होते (स्वतःचा वेग उतरवते). हवेच्या हॉलमध्ये दोन-चार मिनिटं हाताशी असायची, ती सवय विसरा.

थंडपाणी_पाषाण

बगॅस काकांचं निदान मला पटतं, एक गोष्ट सोडून. सिग्नल गेल्यावर वॉल्व्ह पूर्ण उघडा हे ३० अंशांच्या प्रायमरीला ठीक. इथे प्रायमरी १२ ची आहे. लोड कमी असताना पावसाळ्यात वॉल्व्ह सताड उघडला तर सेकंडरी दवबिंदूच्या खाली जाईल आणि ताईंनी त्या रात्री जे पुसलं ते बादलीने पुसावं लागेल. मी शेवटची जागा धरून ठेवेन, किमान उघडीपची मर्यादा घालेन, आणि सप्लाय खूप चढलं तरच उघडा म्हणून सीडीयूमध्येच वेगळा हार्डवायर्ड थर्मोस्टॅट देईन.

दुसरं, मुळात २० का? गार तितकं चांगलं हा हवेच्या जमान्यातला समज आहे. जर्मनीत म्युनिकजवळ गार्चिंगला सुपरएमयूसी हा महासंगणक २०१२ साली आला तोच गरम पाण्यावर, ४० अंशांपर्यंतच्या, आणि त्या उष्णतेने इमारत तापवायचे. आपल्याकडे पाषाणला आयसरमध्ये परम ब्रह्म महासंगणक २०१९ पासून थेट द्रवाने गार होतो. आश्रेने फॅसिलिटी वॉटरचे वर्गच पाडलेत: डब्ल्यू १७, २७, ३२, ४०, ४५. आकडा म्हणजे किती अंशांपर्यंतचं पाणी चालेल. मुंबईत पावसाळ्यात वेट बल्ब (ओल्या थर्मामीटरचं तापमान) २६-२७ धरा, कूलिंग टॉवरचं पाणी ३०-३१ ला मिळतं, ते डब्ल्यू ३२ मध्ये बसतं. म्हणजे नीट आखलेल्या हॉलमध्ये या रॅकसाठी चिलर लागायलाच नको. तुमचा हॉल तसा आखलेला नाही हे मान्य, पण सेकंडरी ३० केलं की दवबिंदूचा विषयच मिटतो. जुलैत बाहेरचाच दवबिंदू २५ च्या आसपास असतो. दार उघडं राहिलं तरी ३० च्या पाइपवर थेंब धरणार नाही.

पण मग दुसरं दुखणं निघेल, ते आधीच सांगतो. तुमचा प्रायमरी वॉल्व्ह १२ चं पाणी घेऊन २० करायला मापलेला आहे. प्रायमरीत पाच-सहा अंशांचा फरक धरला तर पूर्ण लोडला मिनिटाला पाचशेवर लिटर. ३० केलंत की फरक १५ अंशांचा मिळेल आणि तेवढ्याच उष्णतेला दोनशेच लिटर लागतील. लोड ६० किलोवॅटवर आला की साठाच्याही आत. त्यात तो वॉल्व्ह बटरफ्लाय (आत फिरणाऱ्या चकतीचा) असेल (बहुतेक असतोच, स्वस्त पडतो) तर तो जेमतेम किलकिला होऊन बसेल. तिथे एक अंश हलला तरी फ्लो उडी मारतो. मग वॉल्व्ह उघड-मीट, उघड-मीट करत राहील, कितीही ट्यून करा.

उपाय दोन. लहान वॉल्व्ह समांतर बसवून कमी लोडला तोच चालवायचा, मोठा बंद. किंवा सीडीयूला चिलरचं ताजं पाणी न देता क्राहचं रिटर्न पाणी द्यायचं, १८-२० चं. हे मला जास्त आवडतं. तेच पाणी दोनदा काम करतं, चिलरकडे गरम होऊन परततं आणि चिलरला ते आवडतं. बायपास आणि बूस्टर पंप लागेल, शटडाउन घ्यावा लागेल.

डब्लिनकर

मी इथे आयर्लंडमध्ये ऑपरेशन्सला आहे. मॅनेजरच्या कोटेशनबद्दल थोडं, कारण ते सगळेच गूगलचं उदाहरण देतात.

२०१६ ला गूगलने जाहीर केलं की डीपमाइंडच्या मॉडेलने कूलिंगची वीज ४० टक्क्यांनी कमी झाली. तेव्हा मॉडेल सल्ला द्यायचं, माणूस अंमल करायचा. २०१८ ला त्यांनी थेट ताबा दिला, बचत सरासरी ३० टक्क्यांच्या आसपास. पण त्यातली रचना बघा: दर पाच मिनिटांनी हजारो सेन्सरचा फोटो क्लाउडला जातो, मॉडेल काय करायचं ते सुचवतं, आणि ते जागेवरची कंट्रोल सिस्टिम आपल्या मर्यादांशी ताडून मगच लावते. ऑपरेटर कधीही ते बंद करू शकतो. म्हणजे बगॅस काका म्हणतात तसं, वरचा माणूस सेटपॉइंट हलवतो, वॉल्व्ह खालचाच सांभाळतो.

पाच मिनिटांनी जागं होणारं मॉडेल दीड मिनिटाचं हंटिंग (वॉल्व्हचं मागे-पुढे झुलणं) कसं थांबवणार? शिवाय ते शिकणार कशावर, तर जूनपासूनच्या तुमच्या त्या पाच मिनिटांच्या ट्रेंडवर. कोटेशन ड्रॉवरमध्ये ठेवायला सांगा, दिवाळीनंतर काढा.

बगॅस_बॉयलर

पाषाणकर, वॉल्व्हच्या बाबतीत तुमचं खरं, १२ च्या पाण्याला सताड उघडणं चालणार नाही. मी टॉवरच्या पाण्याच्या हिशेबाने बोललो. थर्मोस्टॅट मात्र सप्लायवर लावू नका, रिटर्नवर लावा. पंप बंद पडला तर सप्लायचा सेन्सर गार पाण्यात शांत बसून राहतो.

थंडपाणी_पाषाण

पंप बंद पडला तर रिटर्नचा सेन्सरही साचलेल्या पाण्यातच बसतो, काका. गरम पाणी तिथवर पोचायला फ्लो लागतो. पंपासाठी फ्लो स्विच वेगळा, थर्मोस्टॅट वेगळा.

बगॅस_बॉयलर

हो, फ्लो स्विच हवाच. मग थर्मोस्टॅट दोन्हीकडे लावा, पन्नास रुपये वाचवून कोणाला पदक मिळत नाही.

नाइटशिफ्ट_ऐरोली

सगळ्यांचे आभार, काय झालं ते लिहिते.

क्लायंटच्या मेंटेनन्स विंडोत ट्रॅकिंग बंद केलं, सेटपॉइंट २४ ला पक्का. लॅपटॉप लावून दोन सेकंदांचा ट्रेंड. मोठी लाट अर्ध्या तासात विरली. पंखे ४५ च्या आसपास स्थिरावले, क्राहही. ट्रॅकिंग परत चालू केलं, लाट परत. बाण कागदावर काढून बीएमएसवाल्यांसमोर ठेवले तेव्हा पहिल्यांदाच त्यांनी सीडीयूचं नाव घेतलं नाही.

पण दोन सेकंदांच्या ट्रेंडमध्ये ते दुसरंही दिसलं, पाषाणकर म्हणाले ते. लोड उतरला की फीडबॅक १५ टक्क्यांच्या खाली येतो आणि तिथे बारीक कुरकुर चालू होते, साधारण दीड मिनिटाची. वॉल्व्ह बटरफ्लायच आहे.

फ्रेश एअर युनिटचं मात्र सांगण्यासारखं आहे. स्क्रीनवर त्याच्या कॉइलचा वॉल्व्ह १०० टक्के उघडा, हिरवागार. शिडी लावून वर गेले तर ॲक्च्युएटरचा क्लॅम्प शाफ्टवर सैल, वॉल्व्ह अर्ध्याहून कमी उघडा अडकलेला. मोटर इमानदारीत फिरत होती, शाफ्ट जागचा हलत नव्हता. स्क्रीनवरचे १०० टक्के ही कमांडच होती, त्या युनिटला फीडबॅकची वायर कधी ओढलेलीच नाही. सगळी पावसाळी हवा अर्धवट गार होऊन हॉलमध्ये येत होती. क्लॅम्प आवळल्यावर दुसऱ्या दिवशी दवबिंदू १५ च्या खाली आला.

क्लायंटला सर्व्हरवाल्यांकडूनच लेखी आणायला लावलं की किती अंशांचं पाणी चालतं. ते आल्यावर त्यांनी २८ ला होकार दिला, ३० ला अजून नाही. पंख्याचं प्रोफाइलही बदलून देणार आहेत म्हणे, तारीख दिलेली नाही. ट्रॅकिंग आता पूर्ण बंद न ठेवता फक्त खालची मर्यादा म्हणून ठेवलंय: दवबिंदू वाढला तर सेटपॉइंट लगेच वर जाईल, उतरताना तासाला अर्धा अंश. ही आमच्या बीएमएसच्या मुलाची कल्पना, मला आवडली.

पीडीयूच्या किलोवॅटचं फीड फॉरवर्ड सीडीयूच्या कंट्रोलरला घेता येतं, रजिस्टर रिकामं आहे. पण पीडीयूचं वाचन बीएमएसकडे दहा सेकंदांनी येतं. तेवढं चालेल का? आणि क्राहच्या रिटर्नवर सीडीयू जोडायचं मॅनेजरांनी मनावर घेतलंय, ऑक्टोबरमध्ये शटडाउन मिळेल. त्यात काही खास बघायचं?

बगॅस_बॉयलर

दहा सेकंद चालतील, ॲक्च्युएटर दीड मिनिटाचा आहे. फक्त वाचन आलंच नाही तर काय, ते ठरवा: जुनाच आकडा तीस सेकंदांपेक्षा शिळा झाला की फीड फॉरवर्ड शून्य करायचं आणि तापमानाच्या लूपवर चालायचं. शून्य करताना एकदम नको, उतरत्या रॅम्पने. नाहीतर नेटवर्क अडखळलं की वॉल्व्हला धक्का.

रिटर्न लाइनवर जोडताना: जुन्या क्राहच्या पाइपमध्ये वर्षानुवर्षांचा गाळ असतो आणि सीडीयूच्या प्लेट एक्स्चेंजरच्या फटी बारीक असतात. जोडणीआधी लाइन नीट फ्लश करा, सीडीयूला बायपास ठेवून. बारीक जाळीचा स्ट्रेनर लावा, त्याच्या दोन्ही बाजूंना प्रेशर गेज, आणि पहिल्या आठवड्यात रोज उघडून बघा. लोड बँक यावेळी २५ टक्क्यांवरही चालवा, फक्त शंभरवर नको. आणि कमिशनिंगच्या कागदावर हॉलचा दवबिंदू लिहायला लावा, मार्चच्या कागदावर तो रकानाच नसणार.